बोगद्यातलं मीठ

सोमवारी सकाळी नऊ वाजता शर्यत हरायची. तशी ती रविवारी दुपारीच हरलेली असायची, पण ती नुसतीच हार. तिला माणूस मिळायचा तो सोमवारी, वरच्या मजल्यावरच्या लांब टेबलापाशी.

या संघाने एके काळी अकरा वर्षांत आठ अजिंक्यपदं घेतली होती. ते आठ चषक टेबलामागच्या काचेच्या कपाटात होते. कपाटाची जागा अशी खुबीने निवडलेली, की बोलायला उभ्या राहिलेल्या माणसाला आपलं तोंड आठ वेळा वेडंवाकडं दिसावं. गेल्या नऊ वर्षांत कपाटात कशाची भर पडली नव्हती. कपाटाखालच्या खणात एक फाईल होती, ती मात्र फुगत चालली होती.

थोरल्या साहेबांच्या काळात हरल्यावर एक कागद भरावा लागे आणि त्यावर एकच रकाना असे : ‘कारण’. थोरले मूळचे मेकॅनिक. कारण चार पानी झालं तरी ते चष्मा पुसत पुसत वाचायचे आणि मग खाली जाऊन तो भाग स्वतः उघडून बघायचे. ते गेले आणि धाकटे खुर्चीत आले. धाकट्यांना लांबलचक वाचायचा कंटाळा. त्यांनी कारणाचा रकाना एका ओळीचा केला आणि त्याखाली नवा काढला : ‘नाव’. ज्या वस्तूने दगा दिला तिला शेवटचा हात ज्याचा लागला, त्याचं नाव. नाव लागलेला माणूस दुपारच्या आत फाटकाबाहेर. त्याला निरोप नाही, हार नाही, गेटवर सही तेवढी.

“नाव लागणार म्हटलं की माणूस जबाबदारीने वागतो,” धाकटे म्हणाले होते.

माणसं वागू लागली. आपलं नाव त्या ओळीत येऊ नये याची जबाबदारी जो तो जिवापाड सांभाळू लागला. एक नट आवळायला तिघे लागू लागले, कारण तिसरा कोण हे ठरेपर्यंत पाना कोणीच उचलत नसे. शर्यतीत गाडी चाकं बदलायला थांबली की अडीच सेकंदांचं काम चारांवर गेलं, आणि त्या दीड सेकंदालाही पुढे एक नाव मिळालंच. नऊ वर्षांत एकतीस नावं लागली. त्यात चार ड्रायव्हर होते. हे चौघे एकमेकांना कधी भेटले नव्हते, तरी चौघांची तक्रार शब्दाला शब्द एकच : वळणावर गाडीचं नाक ऐकत नाही, गाडी सरळच जाते. धाकट्यांनी यावरून निष्कर्ष काढला, की ड्रायव्हर लोक आपापसात बोलून येतात.

नाक का ऐकत नव्हतं, हे कळायची जागा तळमजल्यावर होती. तिथे वाऱ्याचा बोगदा होता. माणसाच्या उंचीचा मोठा पंखा, त्याच्यासमोर गाडीची छोटी प्रतिकृती, आणि प्रतिकृतीखाली रस्त्यासारखा धावणारा एक रुंद पट्टा. वारा सोडायचा आणि तो गाडीला जमिनीवर किती दाबतो ते मोजायचं. पुढच्या चाकांवर किती, मागच्यांवर किती. या आकड्यांवर खरी गाडी कापली जायची.

बोगद्याचे प्रमुख काका. सगळा कारखाना त्यांना काकाच म्हणे, त्यामुळे तिथली मोजणी बघणारी मुलगी त्यांची खरोखरची पुतणी आहे हे लोकांना कळायलाच सहा महिने लागले. कळल्यावर लोकांनी वशिल्याचा विषय काढला, पण तिचं काम बघून पुन्हा आत ठेवला. काका सहा आठवड्यांनी निवृत्त व्हायचे होते आणि त्यांची खुर्ची तिला मिळणार हे जवळजवळ ठरलेलं होतं. ‘जवळजवळ’ या शब्दावर ती तीन वर्षं जगत होती. तो शब्द पडू नये म्हणून तिने काय काय केलं याची एक नोंद फाईलमध्येही होती : गेल्या वर्षी प्रतिकृतीचा पंख वाऱ्यात तुटला, तेव्हा शेवटचा हात हिचा की मॉडेल बनवणाऱ्या बाईचा असा प्रश्न आला होता. हिने अजिबात वेळ न घेता उत्तर दिलं. त्या बाईचं घर हिच्याच गल्लीत होतं. तेव्हापासून ही कामावर दुसऱ्या रस्त्याने यायची. त्याला सात मिनिटं जास्त लागायची.

आता मीठ.

जिंकायच्या वर्षांत बोगद्यातला पट्टा झिजलेला होता. वेगात तो मध्येच किंचित उचलला जाई आणि पुढच्या चाकांचा आकडा खरा होता त्यापेक्षा कमी येई. काकांनी ते हाताने, कानाने ओळखलं आणि त्या आकड्यात चार टक्के घालायला सुरुवात केली. “चिमूटभर मीठ,” ते म्हणत. खरी गाडी ट्रॅकवर गेली की त्यांच्या मीठ घातलेल्या आकड्याशी तंतोतंत जुळे. इतर संघ यंत्रं बदलत बसले आणि हा संघ काकांच्या चिमटीवर आठदा जिंकला. पुढे संगणकावर त्यासाठी स्वतंत्र चौकोनच केला गेला आणि त्यावर शब्दही तोच ठेवला : मीठ. रोज सकाळी तिथे चार भरायचे आणि वहीत सही करायची. गेली तीन वर्षं ती सही पुतणीची.

नऊ वर्षांपूर्वी पट्टा बदलला. नवा पट्टा गुळगुळीत, काचेसारखा. धाकट्यांनी फीत कापली, फोटो झाले. मीठ तसंच राहिलं. जिंकून देणाऱ्या आकड्याला हात लावायचा म्हणजे शेवटचा हात आपला, हे तोवर सगळ्यांना पाठ झालं होतं.

पुतणीला हे कळलं ते एका चुकीमुळे. ट्रॅकवर खऱ्या गाडीचे आकडे जमवून बोगद्याला पाठवणारा जो माणूस होता, त्याला सगळे जुळवे म्हणत. ते त्याचं आडनाव नव्हतं. त्याचे आकडे कायम जुळायचे म्हणून पडलेलं नाव. जुळव्याला मुलगा झाला आणि तो पंधरा दिवस सुट्टीवर गेला. त्याच्या जागी बसलेल्या नव्या बाईने फाईल आली तशी खाली पाठवली. पुतणीने ती उघडली आणि पुढच्या चाकांचा आकडा बरोबर चार टक्क्यांनी कमी निघाला. तिने गंमत म्हणून आपल्याकडचा मिठाचा चौकोन रिकामा केला. दोन्हीकडचे आकडे डब्यावर झाकण बसावं तसे बसले.

मग तिने जुळव्याच्या जुन्या फायली पाहिल्या. जुळवे पठ्ठ्या गेली सात वर्षं खालच्या मिठाशी मेळ बसावा म्हणून ट्रॅकच्या आकड्यांत आपल्या हाताने चार टक्के घालत आला होता. फरक दिसला असता तर फरकाला नाव लागलं असतं.

रविवारी दुपारी ती काकांच्या घरी गेली. टीव्हीवर शर्यत नुकतीच संपली होती. गाडी सातवी आली होती. काका वर्तमानपत्र पसरून पायाची नखं काढत बसले होते आणि काकू धुतलेल्या चादरीची दोन टोकं धरून तिसरं शोधत होत्या.

“धर गं जरा,” काकू म्हणाल्या. “तुझे काका सातव्या नंबराच्या दुःखात आहेत, उठणार नाहीत.”

तिने चादर धरली. घडी होता होता म्हणाली, “काका, मीठ काढलं की आकडे जुळतात.”

“कशाशी?”

“ट्रॅकशी. कच्च्या फाईलशी. जुळव्याच्या जागी आलेल्या बाईने आहे तशी पाठवली. तिला कोणी सांगितलंच नव्हतं.”

“काय सांगितलं नव्हतं?”

“की पाठवायच्या आधी चार टक्के वाढवायचे.”

काका करंगळीपर्यंत आले होते. त्यांनी ती पूर्ण केली. “अच्छा, जुळवे वाढवतो होय,” ते म्हणाले. “मला वाटायचं, त्याच्या लक्षातच आलं नाही.”



“म्हणजे तुम्हाला माहीत होतं,” पुतणी म्हणाली.

“पट्टा बदलला त्याच्या दुसऱ्या महिन्यात.”

“मग काढलं का नाही?”

“काढणारच होतो. पण त्याच सोमवारी टायरप्रमुखाचं नाव लागलं. पुढचे टायर चुकीचे निवडले म्हणून.” टायरप्रमुख काकांचा जिवाभावाचा दोस्त. दोघांच्या मुलांनी एकाच पाळण्यात झोका घेतलेला. “तो घरी बसला आणि चार दिवसांत मी म्हणायचं, की अहो, टायर बरोबर होते, चूक माझ्या मिठाची होती? म्हटलं, जरा धुरळा खाली बसू दे. तेवढ्यात दुसरं नाव लागलं.”

“मग?”

“मग काय, थांबणं वाढत गेलं. एकतीसातली अकरा तरी मिठाची असतील. ड्रायव्हर धरून.”

“मी चौदा मोजली,” पुतणी म्हणाली.

“तू मोजणीतली आहेस. तुझंच बरोबर असेल.”

काकू म्हणाल्या, “लग्नाचे फोटो फ्रेम करून आणतो म्हणाले होते. चौतीस वर्षं झाली. माणूस थांबण्यात पक्का आहे.”

पुतणीने चादर कपाटात ठेवली. “उद्या पुढच्या वर्षीच्या गाडीचा आराखडा बंद होतोय, काका, मग त्यात बदल नाही. उद्या मीठ निघालं नाही तर ती गाडीही ह्याच आकड्यावर कापली जाणार. आणि पुढच्या वर्षी तुमच्या खुर्चीत मी असेन. पहिल्या सोमवारी माझं नाव लागेल.”

“म्हणजे तुला गाडीची काळजी नाही, खुर्चीची आहे.”

“दोन्ही एकाच खोलीत आहेत.”

काकांनी वर्तमानपत्राची पुडी केली. “मी गेल्यावर काढ ना. गुपचूप. कोण विचारतंय?”

“आराखडा उद्या बंद होतोय.”

काकांनी पुडी केराच्या डब्यात टाकली. मग म्हणाले, “ठीक आहे. उद्या मी सांगतो. माझं नाव लागू दे. सहा आठवड्यांनी जायचंच आहे, सहा आठवडे आधी जाईन.”

“आणि पाटी?” काकूंनी विचारलं. निवृत्तीच्या दिवशी बोगद्याला काकांचं नाव द्यायचं ठरलं होतं. काकूंनी त्या दिवसासाठी बहिणीला बोलावून ठेवलं होतं, आणि बहिणीला बोलावणं ही काकूंच्या हिशेबात साधी गोष्ट नव्हती.

“पाटीचं काय घेऊन बसलीस,” काका म्हणाले. ते इतक्या सहज म्हणाले, की पुतणीला त्यांच्याविषयी एकदम माया वाटली. तिने जाताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. एरवी ती असलं काही करत नसे.

सोमवारी नऊला सगळे जमले. जुळवे सुट्टीवरून परतला होता. लोक त्याच्या पाठीवर थापा मारत होते आणि तो झोपेविना लाल झालेल्या डोळ्यांनी हसत होता. आराखडा विभागाच्या बाई कागदांची गुंडाळी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. धाकट्यांनी फाईल उघडली, पेनाचं टोपण काढलं.

“सातवे. कारण?”

काका उभे राहिले. “कारण माझ्याकडे आहे. पुढच्या चाकांच्या आकड्यात आपण चार टक्के घालतो. पट्टा जुना होता तेव्हा ते बरोबर होतं. पट्टा नवीन आल्यापासून चूक आहे. गाडीचं नाक कागदावर जड आहे आणि रस्त्यावर हलकं. नऊ वर्षं. मला माहीत होतं, मी बोललो नाही.”

टेबलाभोवती चौदा माणसं होती. त्यांतल्या सहांना हे आधीच माहीत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यांवर अजिबात आश्चर्य नव्हतं त्यावरून कळत होतं. बाकीचे आठ मिठाची गुळणी धरून बसले.

“हे एका ओळीत बसत नाही, काका,” धाकटे म्हणाले.

“मग नाव लिहा. नाव बसेल. माझं लिहा.”

धाकट्यांनी पेन खाली ठेवलं. “तुमचं नाव इथे लिहिलं तर मागचे आठ चषक काय म्हणतील?”

“ते खरे आहेत, साहेब. त्यानंतरचं बोलतोय मी.”

“त्यानंतरचे आहेत कुठे?”

दोन-तीन जण हसले. हसायचं की नाही याचा अंदाज आल्यावर आणखी दोघे हसले.

आराखडेबाईंनी गुंडाळी घट्ट धरली. “मीठ काढलं तर माझे चौदा महिने पाण्यात. तळापासून सगळं पुन्हा कापावं लागेल. पण ट्रॅकचे आकडे काय म्हणतात? चूक असती तर तिथे दिसली नसती का?”

सगळे जुळव्याकडे वळले. जुळव्याने आपला कागद सावकाश फिरवून धाकट्यांसमोर ठेवला. “जुळतात, साहेब. मीठ धरून. दशांशापर्यंत.”

“तो वाढवून जुळवतो,” पुतणी म्हणाली. “कच्ची फाईल माझ्याकडे आहे.”

“कच्ची फाईल कच्चीच असते,” जुळवे म्हणाला. त्याचा आवाज अगदी समजूतदार होता. “माझ्या मागे नव्या बाईने चुकून पाठवली. साहेब, हवं तर तिचं नाव–”

“एका सोमवारी एकच,” धाकटे म्हणाले. त्यांनी बोटं मोडली. “म्हणजे बघा. ट्रॅक जुळतो, म्हणजे मीठ बरोबर. मीठ बरोबर, तरी गाडी सातवी. म्हणजे मीठ घालताना कोणीतरी चुकतंय. वही आणा.”

वही आली. तीन वर्षांची पानं, खाली रोज तीच सही, नीटनेटकी, एकही दिवस न चुकलेली. इतक्या नेमाने पुरावा गोळा करून ठेवणारा माणूस त्या इमारतीत दुसरा नव्हता.

“शेवटचा हात,” धाकटे म्हणाले.

“साहेब, ती चुकलेली नाही,” काका म्हणाले. “मी सांगतोय ना.”

“काका, पुतणीला वाचवायला तुम्ही अंगावर घेताय, ते मला कळतं. मला आदर आहे त्याचा.” धाकट्यांनी खाली वाकून खुर्चीमागून कागदात गुंडाळलेली एक लांबट वस्तू काढली आणि कागद सोडला. पितळी पाटी होती. काकांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, खोल कोरलेलं. “कालच आली. निवृत्तीच्या दिवशी दाखवणार होतो. आता तुम्ही म्हणाल तसं. ह्या कागदावर तुमचं नाव, की ह्या पाटीवर? दोन्हीकडे ठेवता येत नाही, एवढंच.”

काका उभे होते. समोरच्या कपाटात त्यांचं तोंड आठ चषकांवर लांबुळकं झालं होतं. त्यांनी पाटीकडे पाहिलं, मग तिला हात लावला. वडिलांच्या नावावरून अंगठा फिरवला.

“काका, अजून एकदा सांगा,” पुतणी म्हणाली. आवाज चढवून नाही. घरी मीठ मागावं तसं.

काका बसले. गुडघे दुखायला लागले होते म्हणून बसले, असं ते पुढे काकूंना सांगणार होते, आणि काकू ते मान्य करणार होत्या, कारण बहिणीचं तिकीट काढून झालं होतं.

पुतणीने टेबलाभोवती नजर फिरवली. गेल्या वर्षी ह्याच खुर्चीतून तिने मॉडेलवाल्या बाईचं नाव सांगितलं होतं तेव्हा त्या बाईनेही अशीच नजर फिरवली होती आणि ही पेन्सिलीला टोक करत होती. आज टेबलावर कोणाकडे पेन्सिल नव्हती. लोकांना नुसतंच खाली बघावं लागलं.

धाकट्यांनी नाव लिहिलं. बत्तिसावं. कारण एका ओळीत बसलं. मग ते म्हणाले, “आराखडा बंद. आणि काकांनंतर बोगदा जुळवे बघतील. ट्रॅक आणि बोगदा एकाच माणसाकडे असला की वादाचा प्रश्नच नको.” जुळव्याने मान खाली घातली. त्याने खुर्ची मागितली नव्हती. तो नुसता जुळत गेला होता.

सगळं सव्वादहाला आटोपलं.

गेटवर द्यायचा कागद विभागप्रमुखाने भरायचा असतो. ती बोगद्यात आली तेव्हा काका टेबलाशी कोरा कागद घेऊन बसले होते. पंखा बंद होता. तिने खण रिकामा केला : चष्म्याचं घर, दोन पेनं, एक पट्टी, हाताला लावायचं मलम. वही ठेवून दिली.

“मी एकदा तरी बोललो,” काका म्हणाले.

“दोनदा,” ती म्हणाली. “मोजलंय मी. तिसऱ्यांदा राहिलं.”

“बाहेर पुष्कळ संघ आहेत. तुझ्यासारखीला–”

“शेरा लिहा, काका. बाराच्या आत गेटवर द्यायचाय.”

शेऱ्याच्या जागी वरून आलेलीच ओळ उतरवायची होती. काकांचं अक्षर प्रसिद्ध होतं. बक्षिसांची प्रशस्तिपत्रं पूर्वी तेच लिहीत. त्यांनी प्रत्येक अक्षर सुटं, टपोरं काढलं, सही केली आणि कागद तिच्यापुढे सरकवला. तिने उभ्या उभ्या वाचला आणि परत त्यांच्याकडे सरकवला.

“निष्काळजीपणातला ष पोटफोड्या, काका. तुम्ही शहामृगातला लिहिलाय.”

काकांनी चष्मा वर केला, शब्द पाहिला. “खरंच की,” ते म्हणाले. त्यांनी ती चूक लगेच मान्य केली, श वर हळूच रेघ मारली, वर नीट ष काढला आणि शाई पसरू नये म्हणून कागदावर दोनदा फुंकर घातली.